घरातल्या घरात बोलणारे संगणक
(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात बडोद्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

काल याच मंचावर नाट्यसंगीत झालं, उद्या पाककृती स्पर्धा आहे. या दोहोंच्या मध्ये संगणकाचं व्याख्यान ठेवणं हे कार्यकारिणीचं धाडसच म्हणायचं. माझी ओळख करून देताना 'तज्ज्ञ' हा शब्द वापरला गेला, तो मी आदराने परत करतो. मी राज्य सरकारच्या सेवेतला माणूस, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. कचेरीत प्रिंटर रुसला की "जरा बघता का हो" अशी हाक ज्याला येते, तो मी. आपल्यातल्या बऱ्याच घरांत संगणक बघायला म्हणून गेलोय, तुमच्या घरचा चहाही प्यायलोय. त्या अनुभवावर आज बोलणार आहे.

विषय असा: घरात राऊटर नसताना दोन संगणक बिनतारी कसे जोडायचे. आता कुणीही म्हणेल, अहो, घरोघरी राऊटर आलेत, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांची स्थिती बघा. मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात. राऊटर त्यांच्या घरी. इथे आई-वडिलांकडे फोन आहे, त्यावर रोजचा दीड जीबी डेटा आहे, तेवढ्यात त्यांचं भागतं. मुलाने मागच्या खेपेला ठेवलेला एक लॅपटॉप आहे. आणि कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, एक जुना संगणक आहे. त्या जुन्या संगणकातच सगळं आहे. मुंजीचे फोटो, लग्नाचं चित्रण, कैलासवासी वडिलांनी टाइप केलेली वंशावळ, घराच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती. नव्या लॅपटॉपमध्ये काय? पत्त्यांचा खेळ आणि एक वॉलपेपर.

म्हणजे आपला प्रश्न सोपा आहे: जुन्यातलं नव्यात कसं आणायचं? आणि तेही ते बाहेर कुठे न पाठवता.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायची. आपण 'नेट' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे इंटरनेट, जगभरच्या संगणकांचं जाळं. दुसरं म्हणजे नेटवर्क, दोन किंवा जास्त संगणकांची आपसातली जोडणी. इंटरनेट नसलं तरी नेटवर्क असू शकतं. माजघरातून स्वयंपाकघरात हाक मारायला टेलिफोन एक्स्चेंज लागत नाही, तसंच आहे हे. वाय-फाय म्हणजेही इंटरनेट नव्हे. वाय-फाय म्हणजे फक्त रेडिओलहरींवरून बोलायची पद्धत. त्या लहरींवरून इंटरनेट येतं, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो.

रेडिओ म्हटलं की इथल्या ज्येष्ठांना रेडिओचं लायसन्स आठवेल. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकात शिक्का घ्यायचा. नुसता ऐकायच्या रेडिओला लायसन्स लागे! वाय-फायमध्ये तर आपण ऐकतोही आणि बोलतोही, म्हणजे घरात छोटं आकाशवाणी केंद्रच उघडतो. मग त्याला परवाना का लागत नाही? कारण सरकारने काही लहरी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवान्यातून सूट देणारे नियम २००५ साली आले. ही मोकळी जागा सार्वजनिक ओट्यासारखी, कुणीही येऊन बसावं. म्हणून तिथे गर्दीही फार. शेजाऱ्यांचं वाय-फाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच लहरींवर चालतो. फाइल पाठवताना कुणी आमटी गरम करायला घेतली आणि वेग पडला, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

एवढ्या गर्दीत गोंधळ कसा होत नाही? याचा उगम मजेशीर आहे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. वेगवेगळ्या बेटांवरच्या लोकांना विद्यापीठाचा संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून चालणारं संगणकांचं जाळं सुरू केलं. नाव ठेवलं अलोहानेट. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया जातं. तसं झालं की प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं, असा त्यांचा नियम. वाय-फायने त्यात आणखी एक शिष्टाचार घातला, की आधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडा. आपल्या वार्षिक सभेत हा नियम लागू केला तर सभा वेळेत संपेल. असो.

आता राऊटर नेमकं काय करतो ते बघू, म्हणजे तो नसताना काय करायचं ते कळेल. घरातला राऊटर तीन कामं करतो. सगळ्यांचं बोलणं ऐकून ज्याचं त्याला पोचवतो. प्रत्येक संगणकाला पत्ता देतो. आणि घराचा दरवाजा बाहेरच्या इंटरनेटकडे उघडतो. आपल्याला घरातल्या घरात बोलायचं आहे, म्हणजे तिसरं काम नकोच आहे. पहिली दोन दुसऱ्या कुणी केली की झालं.

पत्त्याचं आधी सांगतो. संगणकाचा पत्ता म्हणजे चार आकड्यांची मालिका. घरगुती जाळ्यात ती बहुधा १९२.१६८ ने सुरू होते. हे आकडे खास घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक पोळीत पाच नंबरचं घर असतं ना, तसा तोच पत्ता लाखो घरांत असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पत्ता द्यायलाच कुणी नसेल तर संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता निवडतो. त्याआधी "ही जागा कुणाची आहे का?" असं विचारतो आणि उत्तर आलं नाही तर बसतो. पंगतीत बसताना आपण जसं विचारतो तसंच. तुमच्या संगणकात कधी १६९.२५४ दिसलं तर समजा, त्याला पत्ता देणारा कुणी भेटलेला नाही.

राऊटरशिवाय जोडायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे ॲड हॉक. ॲड हॉक म्हणजे त्या कामापुरतं. वाय-फायचं पहिलं प्रमाण १९९७ साली ठरलं, त्यातच ही सोय होती: मध्यस्थ कुणी नाही, दोन संगणकांनी थेट बोलायचं. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये नवं कनेक्शन तयार करायच्या यादीत हा पर्याय असायचा. विंडोज ८ पासून तो यादीतून गेला. त्याची दोन कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं म्हणजे सुरक्षा. एक्सपीच्या काळात या जोडणीला वेप नावाचं कुलूप वापरत, आणि ते कसं उघडता येतं हे २००१ सालीच संशोधकांनी दाखवून दिलं होतं. दुसरं कारण रचनेचं. मध्यस्थ नसेल तर प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू यायला हवं. आपला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. एक जण दिवाणखान्यात, एक चौकात, एक मागच्या पडवीत. चौकातल्याला दोघांचंही ऐकू येतं, पण दिवाणखान्यातल्याला पडवीतल्याचं नाही. मग ते दोघे एकदम बोलतात आणि चौकातल्याला कुणाचंच धड कळत नाही. दोन संगणकांना हा त्रास नाही, तीन-चार झाले की गोंधळ. तुमच्याकडे दोन्ही संगणक विंडोज ७ चे असतील तर हा मार्ग आजही चालतो. एक जुना आणि एक नवा असेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉपलाच हॉटस्पॉट करायचं. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे. नाव आणि पासवर्ड तुम्ही ठरवायचा, बटण सुरू केलं की आठ उपकरणं त्याला जोडता येतात. पण ही सोय इंटरनेट वाटून देण्यासाठी बनवलेली. म्हणून लॅपटॉपला स्वतःला कसलंच कनेक्शन नसेल तर बटण बहुधा सुरूच होत नाही. आणि कनेक्शन असेल, तर जुन्या संगणकालाही इंटरनेट मिळतं. हेच आपल्याला टाळायचं आहे.

का टाळायचं, ते नीट सांगतो, कारण आजच्या बोलण्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. विंडोज एक्सपीला कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं एप्रिल २०१४ मध्ये थांबवलं, विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक या संगणकांत तसंच उघडं आहे. असा संगणक इंटरनेटला जोडणं म्हणजे कडी मोडलेलं दार रात्रभर सताड उघडं ठेवणं. पण तोच संगणक फक्त घरातल्या दुसऱ्या संगणकाशी, बाहेरचा दरवाजा नसलेल्या खोलीत बोलत असेल, तर भीती फार कमी. म्हणजे राऊटर नसणं ही इथे अडचण नाही, सोय आहे.

म्हणून मी सुचवतो तो तिसरा मार्ग, आणि तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन. फोनचा मोबाइल डेटा बंद करायचा, फोनचं स्वतःचं वाय-फायही बंद करायचं, आणि हॉटस्पॉट सुरू करायचा. बहुतेक फोनमध्ये डेटा बंद असतानाही हॉटस्पॉट सुरू होतो. आता फोन राऊटरची पहिली दोन कामं करतो, पत्ते देतो आणि निरोप पोचवतो. तिसरं काम तो करूच शकत नाही, कारण बाहेरचा दरवाजा आपणच बंद केलाय. दोन्ही संगणक त्या हॉटस्पॉटला जोडायचे. "इंटरनेट नाही" असा इशारा येईल. येऊ द्या, तेच तर हवंय! एखादा फोन जोडलेल्या संगणकांना आपसात बोलू देत नाही, तेव्हा घरातला दुसरा फोन वापरून बघावा. काही फोन थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद करतात, ती वेळ सेटिंगमध्ये आधीच काढून टाकावी. फोन चार्जरला लावून दोन्ही संगणकांच्या मध्ये ठेवावा. जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय नसेल तर यूएसबीला लावायचं छोटं उपकरण बाजारात काही शे रुपयांत मिळतं. मात्र आपल्या विंडोजवर ते चालतं ना, हे दुकानातच विचारून घ्यावं.

जोडणी झाली, आता फाइल आणायच्या. जुन्या संगणकावर, ज्यात आपलं सामान आहे तेवढाच फोल्डर निवडायचा, उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग उघडायचं, आणि फक्त 'रीड', म्हणजे वाचायची परवानगी द्यायची. नव्या संगणकावर फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच जुन्या संगणकाचा पत्ता टाइप करायचा. फोल्डर दिसला की कॉपी करायची. कट नाही, कॉपी! हे मी लग्नात करवल्यांना अक्षता सांभाळायला सांगतात तितक्या वेळा सांगेन.

इथे तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, नेटवर्क 'पब्लिक' समजलं जातं आणि संगणक दार लावून घेतो. या कामापुरतं ते 'प्रायव्हेट' करा, विंडोज ७ मध्ये 'होम'. दुसरं, आपल्या घरातल्या जुन्या संगणकाला पासवर्डच नसतो. विंडोजचा नियम असा, की रिकाम्या पासवर्डच्या खात्यात समोर बसून शिरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणून त्या खात्याला एक पासवर्ड द्या आणि कागदावर लिहून ठेवा. नव्या संगणकावर विचारलं जाईल ते याच जुन्या संगणकाचं खातं आणि पासवर्ड. रोजचा चार आकडी पिन तिथे चालत नाही, लोक पिन टाकत बसतात आणि शेवटी संगणकाला नावं ठेवतात. तिसरं, एक्सपी. एक्सपीची फाइल वाटायची भाषा इतकी जुनी आणि असुरक्षित झाली, की विंडोज १० मध्ये २०१७ पासून ती आपोआप बसवली जात नाही. ती मुद्दाम सुरू करायचे उपाय लोक सांगतात. माझा सल्ला, एक्सपीसाठी हा सगळा मार्गच सोडा. तिथे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क बरी.

पेन ड्राइव्हचं नाव निघालंच आहे, तर प्रामाणिकपणे सांगतो, थोड्या फाइल असतील तर पेन ड्राइव्हसारखी गोष्ट नाही. आपल्या बडोद्याला तर ही कल्पना नवी नाही. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. त्यात फिरती ग्रंथालयंही होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची. पेन ड्राइव्ह म्हणजे ती पेटीच. पण पेटी दहा घरं फिरते, तशी विषाणूही घेऊन फिरते. आणि बऱ्याच पेन ड्राइव्हची मांडणी जुन्या पद्धतीची असते, त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचं अखंड चित्रण तिथेच अडकतं.

वेळ किती लागेल? समजा २० जीबी फोटो आहेत. फोनच्या हॉटस्पॉटवर जुन्या संगणकाचा खरा वेग सेकंदाला पाच एमबी धरला, तर तासाभराहून थोडा जास्त. अंतर आणि भिंती वाढल्या तर आणखी. आपल्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती तोफेसाठी बांधल्यासारख्या आहेत, लहरींना त्या जड जातात. म्हणून दोन्ही संगणक एकाच खोलीत घ्या. हेच फोटो रोजच्या दीड जीबी डेटातून पाठवायचे म्हटलं तर चौदा दिवस, आणि त्या दिवसांत नातवाचा व्हिडिओ कॉल बंद! घाई असेल आणि दोन्ही संगणकांना लॅन केबलची खाच असेल तर एकच केबल थेट दोघांत लावा. पूर्वी त्याला वेगळी उलटी केबल लागायची, आताचे संगणक आपलं आपण जुळवून घेतात. तेव्हा ते १६९.२५४ चे पत्ते घेतील आणि काम बिनतारीपेक्षा लवकर होईल.

आता एका घराची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. त्या घरातल्या आजोबांनी निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षं एकच काम केलं. ट्रंकेतले मोडी कागद एकेक काढून बाळबोधीत उतरवले आणि टाइप केले. सनदा, जमिनीचे करार, एका पणजीने माहेरी लिहिलेलं पत्र. आजोबा गेले. संगणक कोपऱ्यात गेला. आजींना तो सुरू करायची भीती, "माझ्या हातून पुसलं गेलं तर?" मुलगा परदेशातून फोनवर सांगायचा, इंटरनेटवर टाक, मी इथे उतरवून घेतो. आजींचं म्हणणं, घराच्या कराराचे कागद मी परक्याच्या तिजोरीत का ठेवू? लोक त्याला जुनाट विचार म्हणतील, मला तो शहाणपणा वाटला. एका रविवारी दुपारी बसलो. आजींचाच फोन, त्याचाच हॉटस्पॉट, संगणक विंडोज ७ चा. संध्याकाळच्या आरतीच्या आत सगळं लॅपटॉपमध्ये आलं.

पण फाइल उघडली आणि आजींचा चेहरा पडला. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. हे तुमच्याकडेही होणार, म्हणून लक्षात ठेवा. युनिकोड रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असे फॉन्ट वापरून टाइप करायचो. त्यात संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट फक्त त्याला मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा मागे राहिला की आत काय ते दिसतं. मजकूर बिघडलेला नसतो. जुन्या संगणकातला तो फॉन्टही उचलून नव्यात बसवायचा. तसं केलं, आणि पणजीचं पत्र पुन्हा वाचता आलं. मग लगेच सगळ्याच्या पीडीएफ प्रती केल्या, म्हणजे पुढे फॉन्ट असो नसो, पान तसंच दिसेल. तेव्हा फाइल आणाल तेव्हा फॉन्ट आणायला विसरू नका. दागिन्यांबरोबर डबीची किल्ली आणावी तसं.

सामान आल्यावर लगेच जुनं पुसू नका. दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडा, फाइलींची संख्या आणि आकार जुळतोय का बघा. चार-पाच फोटो, एखादं चित्रण उघडून बघा. मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, लेकीकडे, भावाकडे. प्रतींचं महत्त्व बडोदेकरांना मी काय सांगावं? आपल्या इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. ती शक्य झाली, कारण देशात ठिकठिकाणी कुणीकुणी हाताने पोथ्यांच्या प्रती करून ठेवल्या होत्या. एकच प्रत असती आणि तिला वाळवी लागली असती तर? हार्ड डिस्कलाही वाळवी लागते, फक्त ती दिसत नाही. आणि जुन्या संगणकातून टकटक असा आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. संगणक बंद करा आणि डिस्कमधली माहिती काढणाऱ्या जाणकाराकडे द्या. दर वेळी सुरू करण्यात नुकसान वाढतं.

काम झाल्यावर आवराआवर. हॉटस्पॉट बंद, फोल्डरचं शेअरिंग बंद. हॉटस्पॉटचा पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवा. 'गणपती१२३' नको, तो निम्म्या बडोद्याचा पासवर्ड आहे. आणि पासवर्डशिवाय सगळ्यांना मोकळीक देणारा पर्याय सोपा दिसला तरी तो निवडू नका. लहरी भिंतीशी थांबत नाहीत, शेजारच्या गॅलरीतही पोचतात.

व्याख्यान ठरल्यापासून लोक मला वाटेत गाठून दोन प्रश्न विचारतायत, त्यांची उत्तरं देऊन थांबतो. पहिला, "व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलं तर?" एखादं पत्रक असेल तर ठीक. पण फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र लहान करून पाठवतं. फोनवर छान दिसतं, पण जुन्या कागदावरची बारीक अक्षरं मोठी करून बघितली की पुसट होतात. आणि पाचशे फोटो एकेक करून किती दिवस पाठवणार? दुसरा प्रश्न, "मग राऊटर घ्यायचाच नाही का?" जरूर घ्या. रोज चार उपकरणं वापरायची असतील, प्रिंटर जोडायचा असेल, तर राऊटरच बरा. आज सांगितलेली जोडणी मांडवासारखी आहे. कार्यापुरती घालायची, कार्य झालं की सोडायची. ॲड हॉकचा अर्थच तो.

मंडळींनो, आपण चार-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतोय. आपलं मराठीपण टिकलं ते देवघरातल्या टाकांत, ट्रंकेतल्या कागदांत आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या ट्रंकेतलं बरंच काही आपण संगणकात घातलं आणि ट्रंक उघडणं बंद केलं. आता त्या संगणकांचं वय झालंय. माझी एकच विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो जुना डबा भंगारवाल्याला देण्याआधी एक रविवार काढा. त्यात कुणाचं काय आहे ते बघा आणि घरातल्या घरात नव्या संगणकात आणून ठेवा. नातवंडांना शेजारी बसवा. बटणं ती दाबतील, फोटोतला माणूस कोण ते तुम्ही सांगा. ते मात्र कुठल्याच संगणकात साठवलेलं नाही.

कुणाला अडलं तर मंडळाच्या कार्यालयात चिठ्ठी ठेवा, रविवारी मी मोकळा असतो. चहा मात्र तुमच्याकडे.